पद्माबाईंची अधातू नलिका

डोंगरकडा गावच्या पद्माबाईंनी शेवयांचं मशीन आणलं, तेव्हा वायरिंग गावचा वायरमन जळबाच करणार हे ठरलेलंच होतं. वीस वर्षांत गावातली एकही भिंत त्याने खिळ्यावाचून सोडली नव्हती. दोन दिवसांत प्लास्टिकचे पाईप ठोकून, वायरी ओढून त्याने काम उरकलं आणि कनेक्शनचा अर्ज तालुक्याच्या वीज कचेरीत नेऊन दिला. आठवड्याने अर्ज परत आला. त्यात त्याने नेहमीसारखं 'पीव्हीसी पाईप' लिहिलं होतं. नियमातले शब्द बदललेत, खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, आता नव्या नमुन्यात आहे तसंच लागेल.

नवा नमुना जळबाने पद्माबाईंच्या ओट्यावर बसून वाचला. छापणाऱ्याने ओळ ताणताना मध्येच बोटभर जागा सोडली होती: 'वायरिंग अ धातू नलिकेतूनच असावे.'

"मावशी, अ धातू म्हंजी काय ओ?"

पद्माबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी चष्मा पुसला. "अ म्हंजी पयला नंबर. शाळंत अ तुकडी हुशार पोरायची नव्हती का? तसा अव्वल धातू."

जळबाला पटलं. आपण वीस वर्षं ब तुकडीचं काम करत आलो, याचं त्याला वाईटही वाटलं.

इकडे बायका रवा काढून बसलेल्या; मशीन कधी चालू होतं म्हणून रोज विचारून जायच्या. जळबाने प्लास्टिक उपटलं आणि जाडजूड लोखंडी पाईप आणले. ते बसवताना निम्म्या भिंतीचा गिलावा खाली आला. काढलेल्या पाईपांचा पद्माबाईंनी परसात कारल्याच्या वेलाला मांडव केला.

चार दिवसांनी साहेब तपासणीला आले. त्यांनी पाईपवर टिचकी मारली. टण्ण वाजलं.

"हे काय आहे?"

"अव्वल धातू, साहेब. बराबर नियमानं."

साहेबांनी नमुना मागून घेतला, दोनदा वाचला आणि शांतपणे समजावलं, की हा एकच शब्द आहे. अधातू म्हणजे जो धातू नाही तो. प्लास्टिक.

"मग आधी काय लावलं होतं?"

पद्माबाईंनी परसाकडे बोट केलं.

दुपारभर सगळे मिळून कारल्याचा वेल सोडवत होते. पुन्हा इतक्या लांब यायला नको म्हणून साहेबांनी स्वतः वेल धरला. संध्याकाळी तेच पाईप त्याच भिंतीवर बसले. अर्जात 'अधातू नलिका' लिहिलं गेलं, सही झाली आणि त्याच आठवड्यात मशीन घरघरू लागलं.

त्यानंतर तांड्यावरून जळबाला भीमसिंगचा फोन आला. त्याचं नवं घर चाललं होतं आणि प्लास्टिकचे पाईप लावणाऱ्या वायरमनला त्याने थांबवून ठेवलं होतं.

"पद्माबाईकडं साहेब सोता राबले म्हणं. आमाला बी तेच अधातू पायजे."

ते प्लास्टिकच असतं, फक्त नाव बदललंय, हे जळबाने तीन वेळा तीन प्रकारे सांगून पाहिलं.

"येत न्हाई तर सरळ सांगा ना," भीमसिंग म्हणाला. "लपवून काहून राहिले?"

जळबाने सुस्कारा सोडला.

"येतंय," तो म्हणाला. "पर तालुक्यात माझ्याबिगर कोणाला येत न्हाई."