ओल्या डोक्यानं आत येऊ नये

धर्मातात्यांच्या घरात ओल्या डोक्याच्या माणसाला प्रवेश नव्हता. देवाचा प्रसाद घेऊन आलं तरी नाही. लग्न होऊन आले तेव्हा शेजारी म्हणून मी त्यांच्या पाया पडायला गेले, आणि चांगली न्हाऊन गेले. उंबऱ्याला पाऊल लागायच्या आत आतून आवाज आला, "सूनबाय, थितंच थांब. केस सुकव, मंग पाया पड." मी नवी नवरी, पदर सावरत त्यांच्या अंगणात उन्हात उभी. कुंपणापलीकडून सासू हसत होती. तिला माहीत होतं. मुद्दाम सांगितलं नव्हतं.

केस सुकवून आत गेले आणि कारण कळलं. घरात माणसाला ताठ उभं राहायला जागा नव्हती. आढ्याला, वाशांना, मध्ये बांधलेल्या बांबूंना पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या. मी वाकून पाया पडले, कारण वाकलेलीच होते.

ही गोष्ट इंग्रज होते तेव्हाची. आमचं गाव किहीमजवळ. भात निघालं की त्याच जमिनीत पांढरा कांदा लावायचा. काढला की शेतातच ओळीनं पसरायचा, एकाची पात दुसऱ्याच्या डोक्यावर, म्हणजे कांद्याला थेट ऊन लागत नाही. पात मऊ सुकली की तिच्या तीन पेडांच्या वेण्या घालून सावलीत, वाऱ्यावर टांगायच्या. वेण्या घालणं बायकांचं काम. आमच्याकडचा पुरुष नांगर धरील, होडी ओढील, पण वेणी घालणार नाही. धर्मातात्या घालायचे. तेही ओटीवर, रस्त्याकडे तोंड करून.

जाणारा येणारा बोलायचाच. "काय तात्या, फणी देऊ का?"

तात्या मान वर करायचे नाहीत. "तुज्या बायकोची वेणी बगितली काल. फणी तिलाच दे."

पोर नाही, बाळ नाही. बायको भागाकाकी माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधीच गेलेली. माणसाचं सगळं लक्ष कांद्यावर. रोज सकाळी तोंड धुतलं की नाक वर करून प्रत्येक वेणीखालून हिंडायचे. वास आला की थांबायचे, बोटांनी चाचपायचे आणि एक कांदा उपटून काढायचे. "हा फितूर झाला," म्हणायचे. "एक फितूर झाला की सगली वेणी फितवतो." त्या दिवशीच्या जेवणात तोच कांदा. त्यामुळे गावातला सगळ्यात चांगला कांदा ज्याच्या घरी, त्यानं जन्मभर फितूरच खाल्ले.

एका वेणीला मात्र ते नाक लावत नसत. दाराच्या आतल्या अंगाला खुंटीवर एक जुनी वेणी होती. काळपट, धुरकट, कांद्यांची नुसती टरफलं उरलेली. लोक म्हणत, बाकीच्या कांद्यांना दृष्ट लागू नये म्हणून ठेवलीय. मीही तेच समजत होते.

माझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी एक व्यापारी गावात आला. त्यानं नवीन टूम काढली. वेण्या नकोत, पात कापा आणि कांदा गोणीत भरून द्या. "वेणी मचव्यात जागा खाते शेठ," असं त्यालाच कुणी शिकवलेलं, ते तो आम्हाला शिकवत होता. गावानं ऐकलं. आमच्या घरानंही ऐकलं, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वेण्या घालून बोटं सोलवटली होती.

तात्या म्हणाले, "मी देनार न्हाय."

"मग पावसाळ्यात काय करशील?" व्यापाऱ्यानं विचारलं. "समुद्र खवळला की मचवे बंद. नारळी पुनवेपर्यंत घरात ठेवशील?"

"ठेवीन."

"कुजेल."

"तुजा कुजंल. गोनीत कांदा श्वास घेत न्हाय."

सगळे हसले. तात्यांचा धाकटा भाऊ काना हसला नाही. जमीन दोघांची सामायिक होती आणि त्या वर्षीचा सगळा कांदा तात्यांच्या घरात टांगलेला. तो भर ओटीवर म्हणाला, "दादा, पुनवेला कांदा कुजलेला निघाला तर म्होरल्या सालापासून जमिनीत मी सांगीन तसं व्हयल. तू गुमान घरात बसायचं."

"आनि न्हाय कुजला तर?"

"तर काय?"

"तर तू हितं माज्या बाजूला बसून वेनी घालायची. रस्त्याकडं तोंड करून."

कानानं चार माणसांसमोर होय म्हटलं. त्याला वाटलं, काय व्हायचंय.

गोण्या रेवसच्या धक्क्यावर जाऊन पडल्या. मचव्याची वाट बघताना वळवाचा पाऊस आला, गोण्यांना आत घाम सुटला आणि आठवड्यात त्या परत गावात आल्या. व्यापाऱ्यानं निरोप दिला, हा माल माझा नाही. आमच्या अंगणात गोणी उघडली तेव्हा सासऱ्यांनी धोतराचा सोगा नाकाला लावला आणि फावडं आणलं.

त्या पावसाळ्यात तात्यांच्या घरातून सतत धूर निघायचा. कांद्यांना ओल लागू नये म्हणून खाली घमेल्यात भाताचं तूस धुमसत ठेवायचे आणि आत बसून खोकायचे. छप्पर गळायला लागलं तेव्हा आपल्या अंथरुणावरची कौलं काढून त्यांनी कांद्यांवर चढवली आणि स्वतः डोक्याशी पातेलं ठेवून झोपू लागले. काना येऊन म्हणाला, "दादा, तू मरशील."

"मी फितूर झालो तर मला उपटून टाक," तात्या म्हणाले. "कांद्याला हात लावू नको."

नारळी पुनवेला मचवे सुटले. मुंबईत कांदा नव्हता. तोच व्यापारी भर पावसात छत्री घेऊन तात्यांच्या दारात हजर. आत पाय टाकणार तोच तात्यांनी दारात काठी आडवी धरली.

"छत्री भाईर. डोकं पूस."

"अरे तात्या, मी माल बघायला आलोय."

"माल सुका हाय. तू वला हायस. डोकं पूस, मंग बग."

त्यानं खिशातला रुमाल काढला. रुमालही ओला. शेवटी तात्यांनी आपला धुतलेला पंचा फेकला, आणि एवढा मोठा शेठ आमच्या डोळ्यांदेखत ओटीवर उकिडवा बसून डोकं खसखसा पुसत होता. सगळा गाव पावसात भिजत ते बघायला उभा. मग तो आत गेला, वाकून हिंडला, दहा ठिकाणी नाक लावलं. बाहेर आला आणि म्हणाला, "सगळा घेतो. वेण्यांसकट."

तात्या हसले नाहीत. कानाकडे नुसतं बघितलं. काना चिखलाकडे बघत होता.

वेण्या उतरवायला आम्ही बायका गेलो, डोकी कोरडी करून. घर रिकामं झालं तसं एकदम उंच वाटायला लागलं. मला वाटलं, आता दृष्ट कशाला लागते, म्हणून मी दारामागची ती जुनी वेणीही खुंटीवरून काढली आणि उकिरड्यावर टाकायला निघाले.

"ती ठेव."

आवाज मोठा नव्हता, पण मी थांबले.

"तात्या, यात काही नाही. टरफलं आहेत."

"ठेव म्हनतो ना."

मग मी ती नीट बघितली. वरचे सात-आठ कांदे असे घातलेले की आमच्या गावात तसा हात कुणाचा नव्हता. पेड सारखे, ओढ सारखी. आणि आठव्यानंतर वेणी वाकडी झालेली. पेड सुटलेले, मध्येच गाठ, कुठे सुतळीनं बांधलेलं. बारक्या मुलीनं बाहुलीची घालावी तशी.

"वरची तिची," तात्या म्हणाले. "हितं तिचा हात पडला. उजवी बाजूच गेली. बोलता येत व्हतं थोडं. म्हनली, अर्धी ठेवू नका, सुटंल. मंग ती सांगत गेली, मी घालत गेलो."

मी वेणी खुंटीला लावली.

"मंग तिच्या केसांची वेनी तरी कोन घालनार व्हतं," तात्या रिकाम्या वाशांकडे बघत म्हणाले. "शिकलो." आणि लगेच ओरडले, "तो बांबू कोन भिंतीला टेकवतंय? वल धरंल तो."

पुढच्या वर्षी काना ओटीवर बसला, रस्त्याकडे तोंड करून. त्याची वेणी कधी जमली नाही. तात्या त्याला रोज तसं सांगायचे.

तात्या गेल्यावर ती वेणी मी मागून घेतली. आता माझ्या दारामागे आहे. त्यात खाण्यासारखं काही नाही, टरफलंसुद्धा निम्मी गळाली. परवा सून न्हाऊन आली आणि वेणीकडे बघून म्हणाली, "आई, ही घाण टाकून देऊ का?"

मी म्हटलं, "आधी केस सुकव. मग बोल."