बुलंदांचा पुढचा दात

पाच फेब्रुवारी, सोमवार. सकाळी धुकं, दुपारी लख्ख ऊन, वारा नाही.

कात्री आतल्या खोलीत होती आणि बुलंद आरामखुर्चीत. म्हणून त्यांनी पार्सलची सुतळी दातानं तोडायची ठरवली. सुतळी शाबूत राहिली. समोरचा वरचा दात अर्धा तुटून मांडीवर पडला.

बुलंद म्हणजे बस स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारणारे गृहस्थ. आवाजामुळे हे नाव पडलं होतं. (बायकोला खरं नाव आठवायला रेशनकार्ड बघावं लागे, असं ती सांगायची.) दुसऱ्या दिवशी त्यांनी माईकवर "सर्व प्रवाशांना सूचना" एवढंच म्हटलं आणि प्रत्येक 'स'बरोबर दाताच्या फटीतून खणखणीत शिट्टी निघाली. आता, त्या स्टँडवर गाडी सुटायची ती कंट्रोलरच्या शिट्टीवर. फलाटावरच्या तिन्ही गाड्या एकदम सुटल्या. एकीचा कंडक्टर कपबशी हातात घेऊन मागे धावत होता.

मॅनेजरांनी बुलंदांना बोलावून घेतलं. महिनाअखेरीस मोठे साहेब तपासणीला येणार होते. तोवर दात झाला नाही, तर पुकारणारं यंत्र बसेल आणि बुलंद पार्सल खिडकीत जातील. मधल्या काळापुरता मॅनेजरांनी तोडगाही काढला: गाडी सुटायच्या क्षणालाच बोलायचं. कंट्रोलरनं आपली शिट्टी खुशाल ड्रॉवरमध्ये टाकली.

घरी मेहुणा येऊन बसला होता. त्यानं खासगीत दाताला कॅप बसवून घेतली होती आणि तेव्हापासून तो कुणाच्या सांत्वनाला गेला तरी हसायचा.

"भाऊजी, माझ्या डॉक्टरकडे चला. एसी आहे, काचेच्या पेटीत मासे आहेत. आठवड्यात मोकळे."

"रोज माईकवर ओरडतो मी, खासगी गाडीनं जाऊ नका म्हणून. आणि दात खासगीत?"

"अहो, दाताला कुठं तिकीट काढायचंय," बायको म्हणाली. पण बुलंद सरकारी दंत रुग्णालयात गेले.

तिथं ते थक्कच झाले. देवळाच्या सभामंडपाएवढं दालन, खुर्च्यांच्या रांगाच रांगा, आणि प्रत्येक खुर्चीत एकेक माणूस आ वासून. इतकी माणसं एकाच वेळी गप्प बसलेली त्यांनी स्टँडवर कधी पाहिली नव्हती. एका शिकाऊ डॉक्टरणीनं रूट कॅनाल केलं. मग मोठ्या मॅडम आल्या आणि मागोमाग अख्खा वर्ग. पडद्यावर बुलंदांचं तोंड दिसू लागलं, गुहेसारखं प्रचंड. या गुहेतून आपण इतकी वर्षं गाड्या सोडल्या, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला.

कॅपचा रंग ठरवायला तर सगळा वर्ग खिडकीशी जमला. नकली दातांची पट्टी त्यांच्या ओठाशी धरून उजेडात वाद झाला. एकाला रंग हस्तिदंती वाटला, दुसरीला चहाचा. मॅडमनी डॉक्टरणीचं पहिलं माप नापसंत करून पुन्हा घ्यायला लावलं, दुसरंही परत पाठवलं. सोबत आलेली बायको हळूच म्हणाली, "आपल्या लग्नात तुमच्याकडे इतकं निरखून मीसुद्धा पाहिलं नव्हतं."

पण तारीख पुढे पुढे जात राहिली. मेहुणा रोज फोन करून माशांची खुशाली कळवायचा. बुलंदांची झोप उडाली. शेवटी तपासणीच्याच सकाळी कॅप बसली. डॉक्टरणीनं आरसा दिला. कुठला दात आपला आणि कुठला तिचा, बुलंदांना ओळखता येईना. तिचे डोळे भरून आले होते. तिनं त्यांना 'स' म्हणायला सांगितलं. त्यांनी म्हटला. सगळं दालन ऐकत राहिलं.

ते तडक स्टँडवर गेले. मोठे साहेब फलाटावर उभे होते. बुलंदांनी माईक ओढला आणि आयुष्यातली सर्वांत सुंदर सूचना दिली: "सर्व प्रवाशांनी सावकाश, सांभाळून बसावे. गाडी सुटत आहे." एकाही 'स'बरोबर शिट्टी निघाली नाही. साहेबांनी मान डोलावली.

गाडी हलली नाही. बुलंदांनी पुन्हा पुकारलं, आणखी सुंदर. ड्रायव्हर काचेतून भोंग्याकडे बघत बसून राहिला. मागच्या गाड्या खोळंबल्या. कंट्रोलर ड्रॉवरकडे पळाला, तर ड्रॉवरला कुलूप आणि किल्ली घरी.

साहेबांनी चौकशी केली आणि तिथल्या तिथे निर्णय दिला.

यंत्र बसलं नाही. बुलंद माईकवर कायम राहिले. एक मार्चपासून कंट्रोलरची शिट्टी त्यांच्या गळ्यात आहे आणि प्रत्येक सूचनेनंतर ते ती वाजवतात.