सौरसंचाची साप्ताहिक सुट्टी

वीज ही डोळ्यांना न दिसणारी वस्तू असल्यामुळे तिच्या चारित्र्याविषयी समाजाने विशेष दक्ष असणे अगत्याचे असते. दिसणाऱ्या वस्तूंचे पाप सहज पकडता येते. रविवारी मासे धरणारा मनुष्य ओला असतो. रविवारी कुऱ्हाड चालविणाऱ्याचा आवाज येतो. वीज मात्र तारेतून निमूटपणे येते आणि आपण कोणत्या वारी जन्मलो हे कोणास सांगत नाही.

आमच्या मोतुहिहिफो बेटावर डिझेलचे यंत्र होते तोवर हा प्रश्न उद्भवला नाही. यंत्र रविवारी बंद असे. (इतर वारीही ते बहुधा बंदच असे, परंतु रविवारचे बंद असणे धार्मिक होते.) पुढे परदेशी पाहुण्यांच्या औदार्याने नारळीच्या बागेशेजारी सौरसंच उभा राहिला. घरोघरी दिवे लागले. आरोग्यकेंद्रात लसींचा फ्रीज आला. आणि पहिल्याच रविवारी गावप्रमुख फेहोको प्रार्थनेहून परतताना थबकले. सबंध टोंगा देश धर्माने व कायद्याने रविवारची विश्रांती घेत असता हा संच एकटाच बिनदिक्कत राबत होता.

सोमवारी कावा या मुळीच्या पेयाच्या बैठकीत विषय निघाला. (कावाची वाटी फिरल्याखेरीज आमच्याकडे गंभीर विचार करण्याचा प्रघात नाही. वाटी फिरल्यानंतर तर विचार फारच गंभीर होतो.)

"सूर्याचं मी काही बोलत नाही," पाद्रीबुवा पेनिसिमानी म्हणाले. "त्यानं रविवारी उगवावं की नाही, हे तो आणि देव बघून घेतील. पण संच गावाचा आहे. गावाच्या गड्यानं रविवारी राबायचं नाही."

"मग रविवारी दिवे लावू नका, झालं," मागून कोणी म्हणाले.

"रविवारी धरलेला मासा सोमवारी खाल्लेला चालेल का रे तुला?" पाद्रीबुवांनी विचारले.

शिवाय शनिवारची वीज व रविवारची वीज बॅटरीत एकमेकींत मिसळतात, आणि एकदा मिसळल्या की त्या निवडता येत नाहीत. म्हणजे सोमवारी लावलेला दिवा निदान अंशतः तरी पापी ठरतो. सबब ठराव झाला की, दर शनिवारी सूर्यास्तापूर्वी संच चटयांनी झाकावा व सोमवारी उघडावा. ठरावाच्या बाजूने सर्वजण होते. विरोधात केवळ सूर्य होता. परंतु तो सभासद नव्हता.

चटया पाद्रीबुवांच्या थोरल्या बहिणीकडून, लेसिएलीबाईंकडून मागविण्यात आल्या, कारण त्यांच्याइतक्या रुंद चटया बेटावर कोणी विणत नाही. चटया पसरण्याचा मान प्रस्तुत लेखकास मिळाला, कारण शिडी त्याची होती. रविवारी शनिवारची शुद्ध वीज वापरण्यास मुभा राहिली. तीत चर्चचा लाउडस्पीकर व गायकवृंदाचा पंखा यांचा समावेश होता. जमिनीतल्या भट्टीत लू, म्हणजे अळूच्या पानांत बांधलेले मांस, शिजविण्यास पूर्वीपासूनच हरकत नव्हती. (ते काम नव्हे. ते जेवण आहे.)

व्यवस्था उत्तम चालली. मग एका शनिवारी दिवसभर आभाळ भरून राहिले, बॅटऱ्या अर्ध्याच भरल्या, आणि गायकवृंदाने तालमीत त्याही संपविल्या. रविवारी सकाळी ऊन मात्र असे पडले की डोळे मिटावेत. आमचा संच त्या उन्हात चटया पांघरून स्वस्थ निजला होता.

नर्स सिउतिती धावत आली. फ्रीज बंद पडला होता. आत बेटावरील तान्ह्या मुलांच्या लसी होत्या, सोमवारी टोचावयाच्या. पुढची बोट कधी येईल हे बोटीसही ठाऊक नसते. मागल्या साली डांग्या खोकल्याने आमचे एक बाळ गेले होते.

"सभा बोलवावी लागेल," फेहोको म्हणाले. "पण सभा म्हणजे काम. उद्या बोलवू."

"उद्यापर्यंत लसींचं सार होईल, काका."

"आपण फ्रीजसाठी प्रार्थना करू," पाद्रीबुवा म्हणाले.

तेवढ्यात लेसिएलीबाई आल्या. लसीवाचून राहणाऱ्यांत त्यांची नात होती. आमच्यात भाऊ सबंध बेटाचा उपदेशक असो; थोरल्या बहिणीपुढे त्याची मान खाली असते, आणि ती मागेल ते नाकारण्याची त्याला सोय नसते. भावाबहिणींनी समोरासमोर वाद घालणेही शिष्टसंमत नाही. म्हणून त्या नर्सशी बोलल्या, भर समुद्रातल्या होडीलाही ऐकू जाईल इतक्या हळू.

"सिउतिती, माझ्या भावाला विचार, या चटया कुणाच्या?"

"ताईच्याच आहेत, सांग तिला," पाद्रीबुवा जमिनीस म्हणाले.

"मग मला त्या हव्यात. आत्ता."

"आज उचलणं म्हणजे काम होईल, म्हणावं."

"काम कसलं? बहीण मागतेय, भाऊ देतोय. देणं हे काम असेल, तर प्रार्थनेत दानाचं ताट फिरवतो ते काय असतं, विचार त्याला. आणि हेही विचार, लहानपणी त्याचं नाक कोण पुसायचं. तेव्हाही रविवार असायचे."

पाद्रीबुवा स्वतः शिडीवर चढले. शिडी मी धरली. (धरणे हे काम आहे काय, याविषयी मी अद्याप विचारलेले नाही.) एकेक चटई खाली आली, आणि फ्रीज पुन्हा घुरघुरू लागला. सोमवारी टोचून घेताना नात एवढ्या जोराने रडली की लाउडस्पीकरची उणीव भासली नाही.

एकमताने झालेला ठराव रद्द करणे आम्हांस शोभणारे नव्हते. तो आजही लागू आहे. दर शनिवारी संच विधिपूर्वक झाकला जातो. दर रविवारी सूर्योदयाला लेसिएलीबाई चटया मागतात, भाऊ देतो, आणि संच विनापाप चालतो.

आपण हे वाचून हसत आहात. अवश्य हसावे. मात्र हसून झाल्यावर एकदा आपल्या गच्चीवर जाऊन यावे. तिथे बारा महिने लख्ख ऊन पडते, आणि आपण त्यात पापड वाळवून खाली येता. मग अंधारात वारा घेत वीजवाल्यांच्या नावाने खडे फोडता. सूर्य आपणही झाकूनच ठेवला आहे, तोही आठवड्याचे सातही दिवस. आम्ही निदान सभा घेतली होती.