रिक्षातलं क्लॅरिनेट

मोटारसायकलच्या धडकेत पाय मोडल्यापासून कॅजिटनला पायापेक्षा बँडमधल्या जागेचीच काळजी जास्त होती. उत्तनच्या लग्नांत सगळ्यांपुढे क्लॅरिनेट वाजवत चालायचं, यातच त्याचा जन्म गेलेला. आता प्लॅस्टर निघालं, तरी डॉक्टरांची चालायला बंदी होती. आणि बँड सांभाळणारा पुतण्या वॉरेन त्याच्या जागी कीबोर्डवाला शोधत होता.

"मी रिक्षात बसून वाजवीन," कॅजिटनने जाहीर केलं.

"पाय धड न्हाय, आन् ऐट बग!" बायको ऑड्रे म्हणाली. पण कोटाला इस्त्री तिनेच केली.

लग्न शेजारच्या डोंगरी गावातल्या शेरॉनचं होतं. आदल्या संध्याकाळी वाजतगाजत नवरीच्या अंघोळीचं पाणी आणायचं. पूर्वी ते विहिरीवरून यायचं, हल्ली नव्या इमारतीच्या नळावर भागायचं. रिक्षावाला रोहित शहरातल्या जेसल पार्कचा, डोंगरीत पहिल्यांदाच आलेला.

"अंकल, सीधा की लेफ्ट?"

कॅजिटनच्या तोंडात क्लॅरिनेट, डोळे मिटलेले. इतक्या दिवसांनी सूर लागला होता. मान डावीकडे डोलली, रोहितने आरशात बघून रिक्षा डावीकडे घातली. मान उजवीकडे डोलली, रिक्षा उजवीकडे. मागे बँड, बँडमागे घागरी घेतलेल्या बायका. ऑड्रे ओरडत होती, पण ढोलापुढे तिचं कोण ऐकणार! गल्ली अरुंद होत गेली आणि रिक्षा एका जुन्या विहिरीपाशी अडली.

कॅजिटनने डोळे उघडले आणि त्याला भरून आलं. त्यांच्या लग्नात ऑड्रेच्या अंघोळीचं पाणी याच विहिरीचं. त्या दिवशी नवरदेव असूनही त्याला राहवलं नव्हतं, कुंपणाआडून त्यानेही बँडमध्ये दोन सूर मिसळले होते.

"माजा पानीबी हितलाच!" शेरॉनची आजी रडायलाच लागली. शेजारून दोर आला, घागरी भरल्या, म्हाताऱ्यांना विसरलेली गाणी आठवली.

वॉरेन भांडायच्या तयारीने आला होता, तो विरघळला. "अंकल, आधी सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं, तर आला असतास?" कॅजिटन घसा खाकरत म्हणाला. रोहितने तोंड उघडलं, पण ऑड्रेने त्यात पिशवीतल्या केकचा तुकडा कोंबला.

महिन्याभराने डॉक्टर म्हणाले, "चाला खुशाल." कॅजिटन तरण्या पोरासारखा घरी चालत आला. वॉरेन दारातच उभा होता.

"अंकल, आत या आधी! कुणी बघितलं तर? सगळ्या पार्ट्या रिक्षातलाच म्हातारा मागतायत. गोराईवाल्यांनी तर ॲडव्हान्सपण दिलाय."

कॅजिटनने आत येऊन पाय स्टुलावर ठेवला. बँडमधली जागा पक्की झाली होती. फक्त पाय बरा झाल्याचं आता कुणाला सांगायची सोय राहिली नव्हती.