डाव्या सीटवरचा कान

रविवार, सकाळचे आठ. इमारतीमागची गाड्या लावायची जागा. हरकतराव आपल्या व्हॅनमध्ये बसून शेजारच्या रिकाम्या सीटला पट्टा बांधत होते. सीटवर बायकोची पाठीला लावायची उशी होती, उशीला टेकून मोबाईल होता आणि मोबाईलमधून बायको ओरडत होती, "अहो, इतकं आवळू नका! नुसती खरखर ऐकू येतेय."

हरकतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उभा जन्म कचेरीत लोकांच्या अर्जांवर हरकती काढण्यात गेला, म्हणून लोकांनी ठेवलेलं. निवृत्तीनंतर अर्ज यायचे थांबले. हरकती थांबल्या नाहीत. गाडी चालताना खालून घुमल्यासारखा आवाज येतो, असं बायकोने सांगितलं तेव्हाही त्यांनी हरकत घेतली. आवाज नाहीच. पुढे तो आवाज शेजाऱ्यांनाही ऐकू यायला लागला, तेव्हा म्हणाले, "वय झालं की कुरकुर वाढते. तुझी नाही का वाढली?"

(असं वाक्य एखाद्या नवऱ्याला सुचलंच तर त्याने ते पाण्याबरोबर गिळून टाकावं. ह्यांनी ते जावयासमोर म्हटलं.)

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडेच राहिली. बाळ पालथं पडलं, बसलं, रांगायला लागलं. बायको परत येण्याचं नाव घेईना. विचारलं तर एकच उत्तर : "आधी तो आवाज बंद करा, मग मला न्यायला या." बसमध्ये तिची पाठ धरते, म्हणजे गाडी नेल्याशिवाय सुटका नाही. इकडे घरात एक कप विसळायचा, तोच पालथा घालायचा आणि सकाळी तोच सुलटा करायचा. हरकत घ्यायला समोर माणूसच नाही. ह्या माणसाचे काय हाल झाले असतील, बघा.

आवाज चाकाच्या बेअरिंगचा होता. बेअरिंग ही मुठीएवढी वस्तू. ती मिळायला हवी की नको? व्हॅन बोटीने आलेली, चारही चाकांनी ओढणारी. कंपनीने ती वाजतगाजत विकली आणि एके दिवशी गाशा गुंडाळून निघून गेली. मागे राहिला एक फोन नंबर. तो लावला की एक बाई मंजुळ आवाजात सांगते, तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. इतका मोलाचा की आजवर तो उचलण्याची कुणाची हिंमत झालेली नाही! माणसाला लाखांची गाडी गळ्यात घालायची आणि मुठीएवढ्या लोखंडासाठी दारोदार फिरवायचं, ह्याला व्यापार म्हणतात.

सुट्या भागांच्या दुकानदाराने गाडीचं नाव ऐकून चष्मा कपाळावर चढवला.

"ही अजून चालते?"

"चालते म्हणजे? तिच्यातूनच आलोय."

"मग चालतेय तर बदलता कशाला?"

तरी त्याने एक बेअरिंग काढून दिलं. बाहेरून ते अगदी बेतशीर बसलं, पण आतून चाकाचा दांडा, अ‍ॅक्सल, जाईना. हरकतराव तणतणत परत आले.

"अहो, हे दोन चाकांवर ओढणाऱ्या मॉडेलचं आहे. माझी चारही चाकं ओढतात."

"मग तुम्ही दोनच वापरा ना, काका. एकट्या माणसाला चार कशाला?"

हरकतरावांनी बेअरिंग काउंटरवर ठेवलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना हरकत सुचली नाही.

शेवटी परदेशात जुन्या गाड्या मोडून विकणाऱ्या एका मोडीवाल्याकडे बरोबर माल सापडला. पण त्याने एकच नग पाठवला. तो हातात घेऊन गॅरेजवाला म्हणाला, "कुठल्या चाकाला घालू?"

"जे वाजतंय त्याला."

"कुठलं वाजतंय?"

चालवणाऱ्याला आवाज चहूकडूनच येतो. बाजूला कुणीतरी बसून कान लावायला हवा. गॅरेजवाला स्वतः बसायला तयार नव्हता. "मी चालवत असलो तर ठीक. बाजूला बसलो की मला गाडी लागते."

"तू गॅरेज चालवतोस ना रे?"

"गॅरेज जागेवरच असतं, काका. घरातलं कुणीतरी बसवा की."

हरकतरावांनी इमारतीतली माणसं डोळ्यांपुढे आणली. खालच्या मजल्यावरच्यांच्या स्कूटरला त्यांची हरकत होती, वरच्यांच्या कुंड्यांना होती आणि समोरच्यांच्या कुत्र्याला लेखी होती. उरलं कोण? म्हणून बायकोला फोन लावला. म्हणून ती उशी, म्हणून तो पट्टा.

"हं, आता उजवीकडे वळवा," बायको तिकडून म्हणाली. "बघा, वाढला! डावीकडचंच चाक आहे. मी काय सांगत होते?"

"अजून एक फेरी मारू?"

"मारा. आणि काल जेवलात का? खरं सांगा."

"दोन अंडी उकडली होती."

"परवाही अंडीच होती. अंगावर पिसं फुटतील हो अशाने."

एका फेरीच्या चार झाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी, तिसऱ्या दिवशी फेरतपासणी. रोज संध्याकाळी हरकतराव दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून गाडीत बसायचे आणि फोनला पट्टा बांधून इमारतीभोवती घिरट्या घालायचे. बाळाला दात आला, जावयाचे केस गेले, लेक रागीट झालीय (कुणावर गेली ते सांगायला नको). मधूनच आवाजाबद्दलही बोलणं व्हायचं. बायकोचा निकाल एकच : डावं.

गॅरेजवाल्याने पुढचं डावं बेअरिंग बदललं. आवाज तसाच. मोडीवाल्याकडून दुसरा नग आला, मागचं डावंही बदललं. आवाज जसाच्या तसा.

"मी काय करणार?" गॅरेजवाला म्हणाला. "काकूंनी डावं म्हटलं, मी डावं केलं."

मग एका संध्याकाळी चौकात आडवं आलं समोरच्यांचं कुत्रं. हरकतरावांनी करकचून ब्रेक मारला, उशी पट्ट्यातून सटकली आणि फोन उडून थेट त्यांच्या उजव्या पायापाशी दाराला जाऊन लागला. "अगं, फोन उजव्या दाराशी पडला!" ते ओरडले.

"अगंबाई!" फोन पायाखालून म्हणाला. "आता उजवीकडून यायला लागला!"

हरकतरावांनी गाडी कडेला घेतली. फोन डाव्या सीटवर बांधलेला, म्हणून आवाज डावीकडचा. फोन उजवीकडे गेला, आवाज उजवीकडे गेला. इतक्या संध्याकाळी बायको चाक ऐकत नव्हती, फोन ठेवलेली बाजू ऐकत होती. आयुष्यभर लोकांच्या अर्जांतली खोट धरणाऱ्या माणसाला आपल्याच सीटवरची खोट दिसली नव्हती.

हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. उजवी दोन्ही बेअरिंगं मुकाट्याने मागवली आणि बसवली. व्हॅन लोण्यावरून चालल्यासारखी चालू लागली. घुमणं नाही, कुरकुर नाही. इमारतीभोवती एक फेरी मारली तेव्हा आतली शांतता अंगावर आली, म्हणून दुसरी मारलीच नाही.

घरी आल्यावर त्यांनी पलंगावरची चादर बदलली. दुसरा कप फडताळातून काढून विसळला. मग खाली जाऊन गाडीत बसले, उशी सारखी केली आणि फोन लावला.

"आवाज गेला बरं का," ते म्हणाले. "चारही बेअरिंगं नवी. उद्या न्यायला येऊ?"

तिकडे बाळ काहीतरी आपटत होतं. बायकोने ते त्याच्या हातून काढून घेतलं.

"नीट धरा बघू फोन," मग ती म्हणाली. "आणि डावीकडे ठेवा, नेहमीसारखा."

त्यांनी ठेवला. पट्टाही बांधला.

"छे हो," बायको म्हणाली. "अजून येतोय की! उद्या संध्याकाळी पुन्हा लावा फोन, नीट ऐकते."

ह्यावर हरकतरावांनी हरकत घेतली नाही. त्या वेळी गाडी मात्र जागेवर उभी होती, आणि किल्ली त्यांच्या खिशात होती.