गच्चीवरचं कोर्ट

आमच्या इमारतीत गच्चीवर पापड वाळत घालायचे असतील, तर आज वर कोर्ट आहे की नाही हे आधी पाहावं लागतं. असलं तर पापड दुसऱ्या दिवशी. कारण साक्षीदाराला मोकळी जागा लागते, आणि पापडांना उठून उभं राहता येत नाही.

हे कोर्ट ॲडव्होकेट सुकलाल बोरसे यांचं. सुरतेत डिंडोलीला आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सुरतेच्या आसपास ऊस तोडायला जी माणसं धुळ्या-नंदुरबारकडून येतात, त्यांचे खटले लढवणं हा त्यांचा धंदा. धंदा म्हणायचं आपलं. अशा अशिलांकडून काय मिळतं हे त्यांच्या चपलांकडे पाहिलं की कळतं. फी म्हणून कधी भोपळा येतो, कधी नुसता नमस्कार.

अण्णांना ‘कसं काय अण्णा?’ म्हणायची सोय नाही. ‘प्रश्न मोघम आहे’ असं म्हणून ते जिना चढून जातात. ‘गरम फार होतंय’ म्हटलं की विचारतात, ‘तुम्ही स्वतः पाहिलं की ऐकीव?’ माझ्या बायकोने एकदा त्यांना पुरणपोळी दिली, तर ‘आरोप मान्य’ म्हणून खाल्ली. याला ते विनोद समजत असावेत.

तर कोर्ट. अण्णांचं म्हणणं असं, की आपला माणूस पडावावर रात्रभर बोलतो आणि साहेबासमोर उभा केला की मुका होतो. पडाव म्हणजे उसाच्या फडाजवळची त्यांची झोपड्यांची वस्ती. म्हणून तारखेच्या आधी तालीम हवी. अशील तोवर अण्णांच्याच घरी मुक्कामाला, तेही सहकुटुंब. त्यांच्या चुलीसारख्या पेटणाऱ्या स्टोव्हबद्दल सोसायटीने दोनदा नोटीस काढली. अण्णांनी ती नोटीस व्याकरण सुधारून परत पाठवली.

या कोर्टात सोसायटीचे सेक्रेटरी चौधरी हे साहेब, म्हणजे न्यायाधीश होतात. पात्रता एवढीच, की त्यांना चष्मा आहे आणि ऐकता ऐकता डुलकी लागते. विरुद्ध पक्षाचा वकील मी. मी उधन्याला मागाच्या खात्यात सुपरवायझर. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे मी मीठ मागितलं तरी भांडण काढल्यासारखं वाटतं. ‘देवाने तुम्हाला याच कामासाठी घडवलंय,’ असं अण्णा म्हणाले. कौतुक म्हणून मी ते ठेवून घेतलं.

यंदा सुमनबाई आली. साक्री तालुक्यातली, नवरा आणि दोन पोरी सोबत. ऊस भरताना ट्रेलर मागे सरकला आणि तिचा पाय चेपला. साखर कारखान्याचं उत्तर तयार होतं: अशी कोणी बाई आमच्याकडे कामाला नाहीच. आणि हे उत्तर खोटं म्हणायचीही पंचाईत. कारण इथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. नाव फक्त नवऱ्याचं. बायको ही कोयत्याबरोबर फुकट येणारी वस्तू. पाय मोडला तर तो कुणाचाच मोडलेला नसतो. आता पायाचं पुढचं ऑपरेशन व्हायचं तर ती कामगार ठरायला हवी होती, नाहीतर जन्माची कुबडी.

पहिल्याच तालमीत मी डरकाळी फोडली, ‘काय काम करतेस तू?’

बाई म्हणाली, ‘काहीच नही साहेब. ऊस त्या तोडतस. मी त्यासना संगे ऱ्हास.’

‘त्या’ म्हणजे नवरा. अण्णांनी कपाळावर हात मारला. ही तिची बाजू, बरं का! नवराही शेजारी मान डोलावत होता. त्याला काही वाईट वाटायचं कारण नव्हतं. त्याच्या आईनेही हेच सांगितलं असतं.

‘उत्तर शिकवा की तिला,’ मी म्हणालो.

‘शिकवणार नाही. शब्द तिचेच पाहिजेत,’ अण्णा म्हणाले. ‘तुम्ही ओरडा.’

मी ओरडत राहिलो. आठवडाभरात बाई अशी तयार झाली, की माझ्यावर उलट खेकसायला लागली. ‘मंग मोया कोन बांधस, तुना बाप?’ मोया म्हणजे उसाच्या मोळ्या. चौधरींची डुलकी मोडली. अण्णा खूश. सगळी इमारत खूश.

तारखेला मीही हौसेने रजा टाकून कामगार कचेरीत गेलो. कारखान्याचा वकील उठला. गोरागोमटा, अत्तर लावलेला. मला वाटलं, आता हा फाडून खाणार. तर तो म्हणाला, ‘आवो बेन, बेसो. पाणी पीशो? पगमां बहु दुखे छे?’

पाय फार दुखतो का विचारलं, स्वतः खुर्ची पुढे केली हो त्याने. मग हिंदीत, अगदी हळू आवाजात विचारलं, ‘बहन, आप क्या काम करती हो?’

बाई आठवडाभर वाघाची तयारी करून आली होती आणि समोर आली गाय. तिने पदर सावरला, खाली पाहिलं आणि म्हणाली, ‘काहीच नही साहेब. मी नुसती संगे ऱ्हास.’

झालं. अण्णांनी कशीबशी पुढची तारीख मिळवली. परत येताना रिक्षात बाई तेवढी म्हणाली, ‘भला मानूस व्हता.’

आता तालीम गोड बोलायची. गच्चीवर माणसं हजर, पण गोड बोलणारा मिळेना. माझं ‘बसा बाई’ ऐकून ती कुबडी धरून उठून उभी राहिली. चौधरींचं ‘पाणी घेता का?’ पाण्याचं बिल मागितल्यासारखं निघालं. आमच्या इमारतीची पातळी त्या दिवशी कळली.

शेवटी अण्णा म्हणाले, ‘व्हा बाजूला.’ ते बाईसमोर खाली फरशीवरच बसले. आवाज इतका उतरला की मला हा माणूसच वेगळा वाटला. ‘थकनी व्हशी ना माय? सकायपाईन काय काय करस तू?’

तिने कुबडी खाली ठेवली. मग म्हणाली, ‘अंधारामा उठस. भाकरी करस. ऊस तोडस. मोया बांधस, डोकावर लई गाडीमा भरस.’ आणि रडायला लागली. ‘हाई कोनी इचारंच नही आजलोंग.’

नवरा उठून कठड्यापाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. अण्णांचे डोळेही भरले होते. माझंही बरं चाललं नव्हतं.

पुढच्या तारखेला त्या भल्या माणसाने पुन्हा पाणी दिलं. बाईने ग्लास सगळा संपवला, तोंड पुसलं आणि दिवसभराचं काम पहिल्यापासून सांगितलं. मध्येच ‘बस बेन’ म्हटलं तरी थांबली नाही. साहेबांनी तिला कामगार मानलं. कारखान्यानेच ऑपरेशन करून द्यायचं ठरलं आणि पुढे ते झालंही. ती पायावर उभी राहिली, तसं सगळं कुटुंब गावाला गेलं.

वरचा मजला शांत झाला. सोसायटीला आनंद व्हायला हवा होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा आमच्या दारात उभे. आमच्या पाण्याच्या मोटरचा आवाज येतो, अशी तक्रार. मोटर बंद होती.

‘अण्णा, जेवलात का?’ बायकोने विचारलं.

प्रश्न मोघम आहे म्हणतील असं मला वाटलं. ते नुसते म्हणाले, ‘नाही वहिनी.’

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. पण प्रत्येक खटला जिंकला की या माणसाचं घर रिकामं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. जेवता जेवता ते म्हणाले, ‘उद्या गच्चीवर येता? सराव राहिलेला बरा.’

‘साक्षीदार कोण?’

‘मीच बसतो.’

दुसऱ्या दिवशी मी गेलो. ते खुर्चीत बसले. सकाळी काय खाल्लं, गावाकडे आता कोण आहे, त्यांच्या बायकोचं नाव काय होतं, मी जमेल तेवढं हळू विचारत गेलो आणि अण्णा सांगत गेले.