अर्ध्या ठोक्याचा गुन्हा

एका जंगलात, जिथे वाऱ्याला स्वतःचाच आवाज फार आवडे, तिथे टकोबा नावाचा सुतारपक्षी राहत होता. मुलांनो, नीट ऐका. टकोबा डोंगरमाथ्यावर राही आणि खाली नदीकाठी, वाघमहाराजांच्या गुहेशेजारी, त्याची बहीण ठकूताई.

नदीला पाणी चढले की टकोबाने खाली कळवायचे, अशी रीत होती. पण जोरात ठोकावे तर वारा ठोका हलका करी. बारीक सूर काढावा तर धुके गिळून टाकी. म्हणून भावंडांनी युक्ती काढली. टकोबा एका लयीत ठोकत राही. ठकूताई तीच लय मनात धरून बसे. ठोका लयीत आला तर ‘नाही’. मध्येच अर्ध्या ठोक्याने सरकला तर ‘हो’. अशा हो-नाहींच्या माळेतून तिला पुराची बातमी कळे, आणि भाच्यांच्या सर्दीचीही.

एके दुपारी महाराजांची झोप मोडली.

“कोण रे तो बेताल?”

राजतालनिरीक्षक साळिंदररावांनी टकोबाला दरबारात उभे केले.

“महाराज, ताल सरकतो तेव्हाच तर मी बोलतो,” टकोबा म्हणाला. “सरळ ठोका म्हणजे नुसता ठोका.”

“म्हणजे चुका हीच आपली भाषा?” साळिंदररावांनी काटे फुलवून विचारले. दरबार पोट धरून हसला.

मग डोंगराच्या मध्यावर एक धनेश पक्षी बसवण्यात आला. टकोबाचा ठोका ऐकायचा, सरळ करायचा आणि खाली पाठवायचा, एवढेच त्याचे काम.

आणि एक दिवस माथ्यावर ढग फुटला. ठकूची पिल्ले नुकती उडायला लागली होती. टकोबा चोच सुजेपर्यंत अर्धे ठोके मारत राहिला. धनेशाने एकूण एक सरळ केला.

“वा! आज कसा हात बसलाय!” म्हणत महाराज आडवे झाले.

ठकूताईच्या मात्र कपाळाला आठी पडली. “दादा आणि इतका सरळ? साधं ‘जेवलीस का’सुद्धा नाही? काहीतरी बिनसलंय.”

तिने पिल्लांना टेकडीकडे पिटाळले. जाता जाता गुहेत डोकावून ओरडली, “महाराज, उठा! ठोके फारच सुरेख येताहेत!”

“ठाऊक आहे,” महाराज पुटपुटले आणि कुशीवर वळले.

पुढचा दरबार उंचावरच्या नव्या गुहेत भरला. महाराजांच्या मिशा अजून ओल्या होत्या. साळिंदररावांना ‘तालभूषण’ किताब मिळाला. टकोबावर बातमी न दिल्याचा ठपका आला.

तात्पर्य : पूर आला तरी चालेल, ठोका चुकता कामा नये. ज्यांना अर्धा ठोका ऐकू येतो त्यांनी मुकाट्याने बिऱ्हाड उंचावर न्यावे, आणि ‘वाहवा’ म्हणायला दरबारात वेळेवर हजर राहावे.